पोचल्यावर फोन कर

रविवार, २५ मे २०२५. दुपारी स्वारगेटहून सुटलेली बारामतीची एसटी पाटसला वळली आणि उंडवडीच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. पुढे रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्यावरून तपकिरी पाणी असं काही धावत होतं की ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद केलं, काच खाली करून एकदा बाहेर बघितलं आणि शांतपणे तंबाखू मळायला घेतली.

मे महिना. आणि आमचा बारामतीचा भाग! पुण्यातल्या माझ्या टीममध्ये मी ‘दुष्काळी भागातली’ म्हणून फेमस आहे. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर आला. आमच्याकडे वळवाचा पाऊस म्हणजे अर्धा तास धूळ, दहा मिनिटं थेंब आणि मग दोन दिवस त्याच्या गप्पा. आणि इथे एसटीच्या पायरीपर्यंत पाणी.

फोन वाजला. आई.

“कुठवर आलीस गं?”

“उंडवडी. पाणी आहे रस्त्यावर, थांबलोय.”

“खायला आहे का काही?”

“आहे.”

“बरं. आणि त्या पोरी कुठवर आल्या?”

“माहीत नाही. बघते आणि सांगते.”

शेजारच्या सीटवरच्या आजींचे कान उभे राहिलेच होते. “कोण गं पोरी? मागच्या गाडीत हायेत का?”

“नाही आजी. अरबी समुद्रात आहेत.”

आजींनी माझ्याकडे जे बघितलं ते विसरता येणार नाही. तर आता तुम्हालाही नीट सांगायला हवं.

लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. एक कोळिकोडची, एक पुदुच्चेरीची. दोघी नौदलात अधिकारी. २ ऑक्टोबर २०२४ ला या दोघी ‘तारिणी’ नावाच्या छप्पन्न फुटी शिडाच्या बोटीतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. फक्त दोघी. इंजिनाच्या जोरावर नाही, शिडावर. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, मग केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅनली, तिथून दक्षिण आफ्रिकेत केप टाउन. असे चार थांबे. १५ एप्रिल २०२५ ला त्यांनी केप टाउन सोडलं. आता थांबा नाही, थेट घर.

ही शेवटची बातमी मी आईला दाखवली होती, एप्रिलमध्ये घरी गेले होते तेव्हा, सहज, मोबाइलवर. आईने समुद्र आयुष्यात एकदाच बघितलाय, गणपतीपुळ्याच्या ट्रिपला, तोही साडी वर धरून घोटाभर पाण्यातून. पण तिने फोन हातात घेतला, फोटो मोठा करून दोघींचे चेहरे नीट बघितले आणि विचारलं, “घरी कधी पोचणार?” मी म्हटलं, मेच्या शेवटी. झालं. तेव्हापासून आमच्या रोजच्या फोनमध्ये एक आयटम वाढला. जेवलीस का, कामवाली आली का, आणि त्या पोरी कुठवर आल्या.

मला वाटायचं, आता काय, आलंच की घर! केप हॉर्न मागे पडलं, दक्षिण महासागराची थंडी मागे पडली, आता राहिलं काय? नकाशावर हात फिरवला तर केप टाउन ते गोवा म्हणजे साडेआठ-नऊ हजार किलोमीटर. एवढ्याला त्यांना दीड महिना लागला. भागाकार करून बघा, ताशी आठ-नऊ किलोमीटर पडतात. आपल्या बाबांच्या सायकलचा स्पीड. त्या स्पीडने आधी आफ्रिकेच्या टोकाचा अगुल्हासचा प्रवाह. तो एका दिशेने धावतो आणि वारा उलटा आला की लाटा उभ्या राहतात. मग व्यापारी वारे, इथपर्यंत ठीक. मग विषुववृत्ताजवळचा तो पट्टा, जिथे वारा कधी पडेल सांगता येत नाही. शिडं लोंबतात, ऊन भाजतं आणि बोट जागच्या जागी डुलत राहते. आणि हे सगळं पार केलं की दारातच मान्सून.

खरी मेख ही आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्येचा वारा सुरू झाला की तो बोटीला किनाऱ्याकडे ढकलतो. खोल समुद्रात वादळ परवडलं, असं दर्यावर्दी म्हणतात, कारण तिथे आपटायला काही नसतं. कोकणातल्या होड्या जूनच्या आधी वाळूवर ओढून शाकारून ठेवतात त्या काय उगाच? त्यामुळे केप टाउनहून घरी येणाऱ्या शिडाच्या बोटीला एक डेडलाइन असते आणि ती कुठल्या मॅनेजरने दिलेली नसते. जुन्या मोहिमांच्या तारखा काढून बघा. कमांडर दिलीप दोंदे, एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, ‘म्हादेई’ घेऊन मुंबईला परतले ते मे २०१० मध्ये. सहा महिला अधिकाऱ्यांची पहिली मोहीम याच ‘तारिणी’वरून गोव्यात परतली २१ मे २०१८ ला. सगळ्यांचा हिशोब एकच, पावसाच्या आत घरात.

त्या २०१८ च्या मोहिमेचा शेवटचा टप्पा तर ऐकण्यासारखा आहे. केप टाउनहून निघाल्या १४ मार्चला. अर्ध्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. ठरलेल्या चार थांब्यांत नसलेलं एक गाव मधे घ्यावं लागलं, मॉरिशसचं पोर्ट लुई. तिथे दुरुस्ती, आणि मग पुन्हा घरची वाट. म्हणजे सगळं जग पालथं घातलं आणि पंक्चर झालं ते गल्लीच्या तोंडाशी. आपल्या आयटीवाल्यांना हे नवीन नाही. शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करू नये, हा नियम काय कुणी हौसेने केलाय? घर दिसायला लागलं की हात सैल सुटतो. इंग्रज खलाशांनी या अवस्थेला नावसुद्धा ठेवलंय, चॅनेल फीव्हर.

२०२५ मध्ये तर डेडलाइनच अलीकडे आली. मान्सून केरळात २४ मेलाच दाखल झाला, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी. २००९ नंतर इतक्या लवकर तो आला नव्हता. मुंबईत पोचला २६ मेला, जिथे एरवी ११ जून उजाडतो. त्याच दोन-तीन दिवसांत कोकणासमोर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि २४ तारखेला रत्नागिरी आणि दापोली यांच्या मधून किनारा ओलांडून आत शिरला. त्याच शनिवारी कोचीजवळच्या समुद्रात ‘एमएससी एल्सा ३’ हे सहाशे चाळीस कंटेनर लादलेलं जहाज कलंडलं आणि रविवारी बुडालं. आणि त्या पट्ट्याचं उरलंसुरलं जे होतं ते रविवारी घाट चढून दौंड, बारामती, इंदापूरवर रिकामं झालं.

म्हणजे मी ज्या पाण्याने अडले होते ते दोनच दिवसांपूर्वी समुद्रावर होतं. आणि त्या समुद्रात कुठेतरी छप्पन्न फुटांच्या बोटीत दोन बायका होत्या, एक झोपणार तेव्हा दुसरी जागणार. आमच्या एसटीची लांबी पस्तीस-छत्तीस फूट असेल. मी मागे वळून एसटीची शेवटची सीट बघितली, तिच्यापुढे अजून अर्धी एसटी जोडून बघितली. एवढीच बोट? पोटात गोळाच आला.

आणखी एक कारण होतं पोटातल्या गोळ्याचं. बॅगेत, लॅपटॉपच्या कप्प्यात, एक कागद होता. दोन वर्षांसाठी पर्थची ऑफर. सही करून ऑफिसात कळवायला दहा दिवस, त्यातले सहा मी घरी सांगायचं टाळण्यात घालवले होते. फोनवर सांगायची गोष्ट नाही, म्हणून समोरासमोर सांगायला निघाले होते. मनातून खरं सांगू? एसटी अडली तेव्हा थोडं बरंच वाटलं.

बर्नार मोइतेसिए नावाचा एक फ्रेंच माणूस होता. १९६८ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची पहिली शर्यत लागली. केप हॉर्न पार करून तो अटलांटिकमध्ये आला, आता फक्त वर इंग्लंडकडे जायचं, बक्षीस, नाव, बायकामुलं सगळं वाट बघतंय. या पठ्ठ्याने सुकाणू फिरवलं, केप टाउनजवळून जाणाऱ्या एका जहाजावर गलोलीने निरोप मारला की मी येत नाही, आणि पुन्हा पूर्वेकडे निघून थेट ताहितीला जाऊन थांबला. याच शर्यतीत नायजेल टेटली नावाच्या गड्याची बोट मे १९६९ मध्ये घर हजारभर मैलांवर असताना फुटली. नऊ जण निघाले, घरी पोचला एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, ३१२ दिवसांनी. आणि त्याची ‘सुहैली’ ही सागवानी बोट बांधली होती आपल्या मुंबईत! ही सगळी कहाणी मी आधी वाचली तेव्हा मोइतेसिए मला जाम भारी वाटला होता. कूल, टोटल फ्री माणूस. त्या दिवशी उंडवडीला पहिल्यांदा त्याच्या घरच्यांचा विचार आला. गलोलीने मारलेला तो निरोप त्यांच्यापर्यंत पोचला असेल, तेव्हा आधी कुणी वाचला असेल?

साडेसातला पाणी उतरलं. जळोचीच्या फाट्यावर पप्पा रेनकोट घालून उभे होते, मोटारसायकलवर एक पोतं डोक्यावर घेऊन. बातम्या त्यांच्याकडे होत्या. पिंपळी-लिमटेकला निरा डावा कालवा फुटलाय, काटेवाडीकडे घरांत पाणी गेलंय, एनडीआरएफची माणसं येतायत. ज्या कालव्याच्या पाळीसाठी आमच्याकडे भावाभावांत डोकी फुटली तो कालवा स्वतःच फुटलेला. पप्पा म्हणाले, “आयुष्यभर आभाळाकडं बघितलं, आणि हे असं आलं.”

जळोची तुम्हाला गूगलवर दिसेल ती बारामतीची एक बाजू म्हणून. नगरपरिषदेच्या हद्दीत आल्यापासून गाव आणि शहर यांच्यातली रेघ पुसलीच गेलीय. अपार्टमेंट, स्वीट होम, जिम, आणि त्यांच्या मधेच एखादा गोठा. जळोचीची खरी नाडी म्हणजे मार्केट यार्ड. पप्पा तिथे एका गाळ्यावर हिशेब लिहितात. पहाटे टेम्पो लागतात, लिलाव होतात, शेतकरी पट्टी हातात घेऊन आकडा दोनदा वाचतो. त्या सोमवारी मी सकाळी त्यांच्याबरोबर गेले. भिजलेला माल, चिखल, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. समुद्र दीडशे किलोमीटरवर आहे, पण त्या दिवशी मार्केटातल्या प्रत्येकाला अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा पाठ होता.

होडी आमच्या मुलखाला तशी परकी नाही. उजनीच्या पाण्यावर भिगवण, कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला तुमच्यातले बरेच जण येऊन गेला असाल. पण त्या पाण्यावर लोकांची रोजची वाहतूकही चालते. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आमच्या इंदापुरातल्या कळाशीला येणारी बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. समोरचा किनारा दिसत असतो त्या प्रवासात. आई तेव्हापासून भिगवणच्या बोटीचं नाव काढू देत नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कागद बॅगेतच. वर्क फ्रॉम होमची परवानगी काढली, कारण सांगितलं पाऊस. गुरुवारी, २९ मेला, बातमी आली. ‘तारिणी’ मुरगाव बंदरात लागली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह स्वागताला होते. आठ महिने, पंचवीस हजारांहून जास्त सागरी मैल. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला फोन दाखवला. ती भाकरी थापत होती, हात पिठाचे, म्हणून मीच तिच्यासमोर धरला.

“पोचल्या,” मी म्हटलं.

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. “त्यांच्या आया आल्यात का तिथं?”

ते बातमीत नव्हतं. पण ती एवढी मोकळी दिसत होती की मला वाटलं, आत्ताच. आणि मी सांगून टाकलं.

“पर्थ म्हणजे कुठं?”

“त्या दोघी पहिल्यांदा थांबल्या ना, फ्रीमँटलला? त्याच्याच शेजारी.”

“विमानानं किती?”

“एक दिवस धर.”

“आणि त्यांना किती लागले होते?”

“अडतीस दिवस.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. भाकरी फुगली, तिने ती उतरवली. मग म्हणाली, “मग जवळच आहे की.” आणि पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर म्हणावं तर आमच्याकडे गॅस आहे.

जूनच्या एका रविवारी आईला घेऊन मी विंचुर्णीला गेले. ‘कुठे?’ असं तुम्ही विचारणार हे माहीत आहे. बारामतीहून फलटणचा रस्ता धरायचा. सांगवीपाशी निरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा सुरू होतो. फलटण तिसेक किलोमीटर, आणि फलटणच्या पुढे थोडं आत विंचुर्णी. स्वतःची गाडी असलेली बरी. फलटणला राममंदिर आणि नाईक-निंबाळकरांचा राजवाडा बघून घ्या, सईबाईंचं माहेर हे. विंचुर्णीत मात्र ‘बघण्यासारखं’ काही नाही, आधीच सांगते. माळ, ऊस, बाभळी, जूनच्या पावसाने नुकताच हिरवा पडलेला उतार.

पण या गावात व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी राहायचे. १९७१ च्या युद्धात ‘आयएनएस कामोर्टा’चे कप्तान, वीरचक्र, पुढे पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख. निवृत्तीनंतर हा आयुष्यभर समुद्रावर काढलेला माणूस येऊन राहिला तो सह्याद्रीच्या कोरड्या अंगाला. आणि इथे बसून त्यांनी ध्यास घेतला की एखाद्या भारतीयाने, भारतात बांधलेल्या बोटीतून, एकट्याने पृथ्वीला शिडावर वळसा घालावा. त्या ध्यासाची ‘सागर परिक्रमा’ झाली. दोंदे पुढे आले, नॉक्स-जॉन्स्टनकडे शिकून आले, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली. दोंदेंनंतर अभिलाष टॉमी, न थांबता, १५१ दिवसांत, ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परत. मग आवटींनी बायकांच्या मोहिमेचा आग्रह धरला. त्या सहा जणी परतल्या ते त्यांना बघायला मिळालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये, एक्याण्णव वर्षांचे असताना, ते गेले. दिलना आणि रूपा यांना तयार केलं ते त्याच टॉमींनी.

त्यांच्या घराकडे आम्ही गेलो नाही. कुणाच्या दारात असं जाऊन उभं राहणं बरं नव्हे. रस्त्याकडेला गाडी लावली, डबा खाल्ला. पिठलं, भाकरी, कैरीचं लोणचं. वारा सॉलिड होता, पश्चिमेचा, डब्याचं झाकण दोनदा उडालं. मी आईला सगळं सांगितलं, आवटी कोण, दोंदे कोण, ‘म्हादेई’ हे नाव गोव्याच्या नदीचं. तिने ऐकून घेतलं.

“इथनं समुद्र कुठल्या बाजूला?” तिने विचारलं.

मी वाऱ्याकडे तोंड करून हात दाखवला. डोंगर, ढग.

“आणि तुझं ते पर्थ?”

ते मात्र मला चटकन सांगता येईना. फोन काढला, होकायंत्र उघडलं, दोनदा गोल फिरले. आग्नेय. उसाच्या एका फडाकडे बोट करून म्हटलं, “असं. या बाजूला.”

आईने त्या फडाकडे डोळ्यांवर हात धरून बघितलं. मग डबे आवरले, झाकणं घट्ट लावली.

“चल. अंधार पडायच्या आत निरेचा पूल ओलांडायला पाहिजे. पप्पांना फोन कर, निघालो म्हणावं.”

मी फोन केला. पप्पा म्हणाले, सांगवीला पाऊस आहे, सावकाश या.